चिंगीची चिप कुणाच्या नावाने

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहा बाय बाराच्या खोलीत कोण कुणाला पत्र लिहितो? पण उद्या अकरा वाजता चिंगीला डॉक्टरकडे न्यायचंय आणि त्याच्या आत एक गोष्ट ठरवायची आहे. आठ दिवस डोकं खाजवतेय, काही सुचत नाही. विचारायला दुसरं कोण आहे मला? म्हणून तुम्हाला.

चिंगीच्या मानेत चिप बसवायची आहे. हसू नका. तांदळाच्या दाण्याएवढी असते म्हणे, सुईने कातडीखाली सोडतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. डॉक्टर वरून यंत्र फिरवतो, मग कॉम्प्युटरवर दिसतं की हे मांजर अमक्याचं, त्याचा फोन नंबर अमुक. मांजर हरवलं तर कुठे आहे ते कळत नाही, कुणाचं आहे तेवढंच कळतं. आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

झालं असं की तुम्ही गेल्यापासून चिंगी दुपारची घरात थांबेना. जेवली की निघाली, मागच्या भिंतीवरून पलीकडे. पलीकडे म्हणजे कुठे ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गिरणीच्या जागेवर आता तो उंच टॉवर आहे, ज्याच्यामुळे आपल्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत. गेल्या महिन्यात ती तीन दिवस आलीच नाही. बंड्या बोका दोन्ही वेळा जेवायला हजर, तिचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी मी टॉवरच्या गेटवर गेले.

वॉचमन म्हणाला, "किसके यहाँ जाना है?" मी म्हटलं, मांजर शोधायला आलेय. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाकड्यावर बसवलं. ज्या गेटातून तुम्ही बिल्ला दाखवून पाळीला जायचात त्याच गेटवर मी तासभर बसून होते. मग एक मुलगी खाली आली. तिशीची असेल, अर्धी चड्डी, चष्मा, आणि कडेवर आपली चिंगी! गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू.

"आंटी, ही ब्राउनी आहे. माझ्याकडे येते रोज," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाय, ही चिंगी आहे. हिचा जन्म माझ्या पलंगाखाली झालाय."

ती बिचारी गोंधळली. उद्धट नाही हो, चांगल्या घरची वाटली. हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे काही प्रूफ आहे का? फोटो, कागद, काहीही?" फोटो तुमच्या फोनमध्ये होते आणि तो फोन तर बंद पडलाय. चिंगीला हाक मारली तर ती दोघींनाही सोडून वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन बसली. आपलं माणूसच साक्ष देईना म्हटल्यावर मी काय बोलणार? शेवटी माझं तोंड बघून त्या मुलीनेच ती मला परत दिली.

तिचं नाव रिया. तेव्हापासून येते आपल्याकडे, जिना चढताना धापा टाकते. एकटी राहते, घरूनच काम करते, आईवडील नागपूरला. मला म्हणते, आंटी, तुम्ही या दोघांची काळजी करू नका. दोघांनाही मी घेते, दोघांना चिप माझ्या नावाने बसवते, म्हणजे उद्या कुणाचा काही प्रश्न नको. तुम्ही निवांत गावाला जा.

गावाचं तिला मीच सांगितलं. तुम्ही गेल्यावर शैलाचा फोन दर रविवारी येतो. माझी धाकटी बहीण, पण बोलते थोरल्यासारखी. "ये गो हय रवाक. थय एकटी काय करतंस?" मी मांजरांचं काढलं की लगेच, "मांजरां मातर आणू नको. माझो कुत्रो तेंका ठेवचो नाय." मालवणचं ते घर तुम्ही बघितलंत, पुढे अंगण, मागे विहीर. मला जायचंय हो. खरंच जायचंय. पन्नास पायऱ्या चढून पाण्याची बादली, गावडे वहिनींच्या टीव्हीचा आवाज, गॅलरीत समोर ती काचेची भिंत, जीव कोंडतो माझा इथे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी म्हणतेय, एक दिवस गावाला जाऊन राहायचं. आधी तुमची नोकरी, मग संप, मग बंद गिरणीच्या दारात तुमच्या खेपा, मग तुमचं आजारपण. आता सगळं संपलं तर ही दोन मांजरं!

मूलबाळ नाही आपल्याला, ते एक असो. पण मांजरं मी कधी मागितली होती? मी तर उंबऱ्यावर आलेल्या मांजराला हाडूत म्हणणारी बाई. तुम्हीच आणायचात, तुम्हीच भरवायचात, आणि मी विचारलं की म्हणायचात, "ह्यांची खापरपणजी माझ्या खात्यात होती, ही वारसदार आहेत." कापसाच्या गोदामात उंदरांसाठी मांजरं ठेवायचे ते मला माहीत आहे. पण चाळीस वर्षांची वंशावळ तुम्ही कुठून काढलीत?

संपाचं आज लिहूनच टाकते, कारण तोंडाने मी ते कधी बोलले नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. गिरणी बंद, फाटकावर पोलीस, चाळीतल्या सगळ्या पुरुषांचे हात रिकामे. आणि गावड्यांनी भर दुपारी तुम्हाला मागच्या भिंतीवरून गिरणीत उतरताना पाहिलं. एकदा नाही, तीनदा. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. कॅरमवर तुम्हाला कुणी सोंगटी देईना. नळावर बायका माझी बादली बाजूला सरकवायच्या. लोक चोरून कामावर जातात, साहेब मागच्या दाराने घेतो, हे तेव्हा रोज ऐकू यायचं. मीही तेच धरून चालले. तुमच्यापुढे ताट आदळलं आणि म्हटलं, "फितुराचं कुंकू लावून मला नळावर जाता येत नाही."

तुम्ही जेवलात, ताट धुऊन ठेवलंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

मग लालबागच्या बाजारात त्या कोळणीने मला थांबवलं. "बाय, तुझा नवरा रोज बोंबलाची डोकी मागून नेतो. किती मांजरं पाळलीत गो घरात?" घरात तर एक नव्हतं. मी तिथेच पाटीपाशी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं फाटकाबाहेर आली, मांजरं आत राहिली. गोदाम रिकामं, उंदीर गेले, आणि हे गृहस्थ चाळीची थुंकी अंगावर घेऊन तिथे डोकी टाकायला जातात!

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सुरमई वाढली. बोलायला लागले. तुम्हीही काही विचारलं नाहीत. पुढे तुम्ही पिशवीत दोन पिल्लं घेऊन आलात तेव्हा चाळीलाही कळलं, गावडे स्वतः दूध घेऊन आले. पण मी कधी म्हटलं नाही, चुकले. चुकले हो मी. दोन शब्द विचारायचे होते, ते विचारले नाहीत. आणि तुम्हाला तरी सांगायला काय झालं होतं? एवढा कसला ताठा? मी काय चाळीला ओरडून सांगितलं नसतं?

रियाचा फोन येतोय. उद्या आधी डॉक्टर, मग बाकीचं.

*

काल पत्र अर्धं राहिलं. आज दुपारी लिहितेय.

सकाळी टॅक्सीत बसेपर्यंत माझं ठरलं होतं. नाव रियाचंच घालायचं. रात्री शैलाला फोन करून टाकला होता, येते म्हणून. ती रडली. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. चिंगी टोपलीत होती, रिया माझ्याशेजारी, दोघींच्या मांडीवर मिळून ती टोपली. बंड्या काही हाती लागला नाही, माळ्यावर जाऊन बसला. त्याचं नंतर बघू म्हटलं.

डॉक्टर तरुण आहे. रियाने फॉर्म भरला, मालकाच्या जागी तिचं नाव, खाली माझी संमतीची सही. मी सही केली. डॉक्टर म्हणाला, बसवायच्या आधी एकदा तपासून घेतो, नियम असतो. त्याने ते यंत्र चिंगीच्या मानेवरून फिरवलं, आणि ते वाजलं.

"आजी, हिच्यात चिप आहे आधीच."

रिया म्हणाली, "शक्य नाही." मीही तेच म्हणाले. त्याने नंबर कॉम्प्युटरवर टाकला, थोडा वेळ थांबला आणि पडदा आमच्याकडे वळवला. मला चष्म्याशिवाय दिसेना. रियाने वाचलं. मालकाचं नाव, सुलभा. फोन नंबर, माझा.

मी पर्समधून चष्मा शोधून काढला आणि स्वतः वाचलं.

तुम्ही तिला गौरी-गणपतीच्या आधी ऑपरेशनला नेलं होतंत. पिल्लं नकोत म्हणून. टोपली घेऊन परळला गेलात, संध्याकाळी आणलीत, मला म्हणालात, "चार दिवस जपायला सांगितलंय." एवढंच म्हणालात. डॉक्टरने पडद्यावरची तारीख वाचली तशी माझ्या डोक्यात दुसरी तारीख आली. तुमचा रिपोर्ट त्याच्या आधल्या आठवड्यात आला होता. तो तुम्ही कपाटात कपड्यांखाली ठेवला होतात आणि मला महिन्याने सापडला. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आपण फार दिवस नाही, हे माहीत असलेला माणूस मांजराला चिप बसवायला जातो आणि मालकाच्या रकान्यात बायकोचं नाव सांगतो! माझा नंबर तुम्हाला पाठ तरी होता का? चिठ्ठीवर लिहून नेला असणार.

रियाचा चेहरा उतरला. "सॉरी आंटी, मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं गं." डॉक्टर चांगला माणूस, म्हणाला, नाव बदलता येतं, फक्त तुमची सही लागेल, आत्ता करू का? मी म्हटलं, आत्ता नको. आणि माझी मघाची सही होती तो फॉर्म मी त्याच्या टेबलावरून उचलून पर्समध्ये ठेवला.

दवाखान्यात रडले नाही. टॅक्सीत रडले. राग आलाय मला तुमचा, सांगून ठेवते. पुन्हा तेच केलंत. न विचारता, न सांगता, मला अडकवून गेलात. एक प्रश्न सकाळपासून डोक्यात फिरतोय, त्याचं तेवढं खरं उत्तर द्या. मांजरं एकटी पडू नयेत म्हणून माझं नाव घातलंत, की मी एकटी पडू नये म्हणून मांजरांची मानगूट पुढे केलीत?

तासाभरापूर्वी शैलाला पुन्हा फोन केला. येत नाही म्हटलं. ती चिडली, "मांजरांपायी बहीण सोडतंस?" विहीर, अंगण, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी फोन ठेवला. ती जागा आता मला मिळणार नाही, हे मला कळतंय. वाईट वाटतंय, खूप वाईट वाटतंय. रियाला सांगितलंय, दुपारी चिंगी तुझ्याकडे येईल तशी येऊ दे, पट्टा तेवढा काढ. ती हो म्हणाली आणि जाताना माझ्या पाया पडली. कशाला पडली, तिलाच ठाऊक.

राहिला बंड्या. त्याच्यात चिप नाही. तुम्ही परळला गेलात त्या दिवशीही तो माळ्यावरच बसला असणार, म्हणून तुमच्या हातून सुटला. त्याच्या चिपवर कुणाचं नाव घालायचं ते माझ्या हातात आहे, रियाचं घातलं तरी कुणी मला बोल लावणार नाही. इतकी वर्षं मी चाळीला, शैलाला, कोळणीला, सगळ्यांना हेच सांगत आले की मांजरं ह्यांची आहेत, माझा काही संबंध नाही.

गुरुवारी बंड्याला घेऊन जाईन, हा माझा शब्द. डॉक्टर विचारेल, मालक कोण. चिंगीच्या वेळी तुम्ही सांगितलंत. ह्याच्या वेळी मी सांगेन, मी.

सुलभा