घाटातली टकटक

१२ नोव्हें., बुधवार
यांनी काल आपल्या गॅरेजात आमच्या जीपचं टायमिंग पुढं घेतलं. नट सैल करून डिझेलचा पंप केसभर फिरवला, म्हणजे डिझेल जरा लवकर उडतं. आज प्रवासी घेऊन फर्दापूरची फेरी केली. गाडी खरंच ओढते, डिझेलही कमी प्यायली. पण परतताना अजिंठ्याच्या घाटात टकटक. आतून कुणी हातोडी मारावी तशी. घरी सांगितलं तर म्हणाले, "कडक आवाज म्हणजे ताकद गं."

१४, शुक्र.
उभ्या गाडीला कान लावून विचारतात, "कुठंय टकटक?" अहो, भरली गाडी चढावर असली की येते! म्हटलं, बसा माझ्या शेजारी. नाही. बायको चालवते त्या गाडीत हे बसत नाहीत. पाय आपोआप ब्रेक दाबतो म्हणे.

१६, रवि.
परतताना चहावाले रफिकभाई माझ्याच गाडीत होते. सिल्लोडला त्यांच्या टपरीवर उतरून चहा. "भाभी, इंजिन लई टकटक करायलंय. भाईला सांगा, पंप मागं घ्या." घरी येऊन तसंच सांगितलं आणि फसले.
"आता चहावाला मला शिकवणार व्हय?"
आपला तो बाब्या! गिऱ्हाइकाच्या गाडीची खोट यांना फाटकातून ऐकू येते. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. राग आहेच, पण भीती जास्त. या टकटकीनं पिस्टन गेला तर गाडी उभी, अन् मी घरात. दुसरं इंजिन घेणं आमच्यानं होणार नाही.

१९, बुध.
घाटात आज इंजिनच्या तापाचा काटाही वर चढला. मागं प्रवासी गाणी म्हणत होते, माझी नजर काट्यावर. वर पोचल्यावर फोन केला, "उद्या तुम्ही आला नाहीत तर मी गाडी काढणार नाही."
तिकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज. मग, "किती वाजता निघायचं?"

२०, गुरु.
आले. जाताना सगळा रस्ता सीट घट्ट धरून. परतीला घाटात टकटक सुरू झाली आणि यांचा चेहराच उतरला.
"थांबव."
प्रवाशांना उतरवलं. हाताला रुमाल गुंडाळून तापलेला पंप मागं घेतला. निघालो. टकटक गेली, थोडी ओढही गेली. सुटलो म्हणेपर्यंत आरशात निळसर धूर, ऑइल जळाल्यासारखा; पिस्टनला मार बसला की निघतो तसा. यांनीही पाहिला. सिल्लोड आलं. मग हळूच म्हणाले, "उशीर झाला का गं?"
इंजिनातलं यांनी मला आजवर कधी विचारलं नव्हतं. रडूच आलं.
उद्याच्या फेरीच्या गिऱ्हाइकाला 'गाडी येणार नाही' असं अजून कळवलेलं नाही.