वीस मार्चला विंडोज गेलं

महाड,
१२ जानेवारी २०२६

चि. सुशांतभाऊजींना निशावहिनीचा स. जयभीम वि. वि.

महाड-पोलादपूर काही लांब नाही, एसटीने गप्पा संपायच्या आत येतं, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर आपण हवापाणी बोलतो आणि यांचं नाव निघालं की दोघंही गप्प होतो. कागदावर गप्प बसता येत नाही. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. शाळामास्तर आहात, समोर कोणीही असलं तरी वर्ग समजता.

पत्रास कारण दुकान. तुमच्या भावाने पुरानंतर जुने सहा कॉम्प्युटर आणून गेमचं दुकान पुन्हा उभं केलं, तेव्हापासून त्यांवर विंडोज दहा आहे. आता त्याची मुदत संपली. रोज सकाळी पडद्यावर तशी सूचना येते. नवं विंडोज या यंत्रांवर चढत नाही, यंत्रं त्याला म्हातारी वाटतात. माझंही तसंच आहे, पण मला कोणी सूचना पाठवत नाही.

प्रियदर्शिनी म्हणते, आई, आता पुरे, दुकान बंद कर आणि पनवेलला माझ्याजवळ राहा. तिचंही खोटं नाही. बाबा गेल्याला दोन वर्षं होतील, तू एकटी शटर ओढतेस, हे तिला बघवत नाही. मी तिला शब्द दिलाय, की बुद्धपौर्णिमेपर्यंत बघते. तोवर दुकान नीट चाललं तर ठीक, नाहीतर कुलूप लावून येते.

तुम्ही मागे म्हणाला होता, की लिनक्सवर आता गेम चालतात. मला सरळ सांगा. ते विंडोजच्या तोडीचं आहे, की तुम्हाला फुकट आहे म्हणून आवडतं? लोक माझ्याकडे खेळायला येतात, तत्त्वासाठी येत नाहीत.

घरात सगळ्यांना जयभीम. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
निशा

*

पोलादपूर,
२० जानेवारी २०२६

ती. निशावहिनींस सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. वर्गात मुलांना लिहायला देऊन मागच्या बाकावर बसून उत्तर लिहितो आहे, म्हणजे यावेळी वर्ग मी समजत नाही, खराच आहे.

सरळ सांगतो. विंडोज म्हणजे आपला मुंबई-गोवा हायवे. सगळे त्यावरूनच जातात, म्हणून सगळी हॉटेलं त्यावरच. लिनक्स म्हणजे वरंधचा घाट. पूर्वी त्या वाटेला हौशी माणूसच जायचा. आता गेमसाठीच बनवलेलं लिनक्स निघालंय. गेम लिहिलेला असतो विंडोजसाठी, पण मध्ये एक दुभाषी बसतो. गेम विंडोजच्या भाषेत काय मागतो ते तो लिनक्सला सांगतो. गेमला पत्ताही लागत नाही की घर बदललंय. जुन्या यंत्रांवर तर काही गेम विंडोजपेक्षा हलके पळतात, हे मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर पाहिलंय (मुख्याध्यापकांना सांगू नका).

पण घाटात अवजड गाड्यांना जशी मनाई असते, तसं इथेही आहे. काही बंदुकीच्या ऑनलाइन गेमांबरोबर एक पहारेकरी येतो, कोणी लबाडी करत नाही ना हे पाहायला. तो पहारेकरी लिनक्सच्या दारात पाऊल टाकत नाही आणि त्याच्याशिवाय गेम उघडत नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

रविवारी येतो. एका यंत्रावर घालून पाहू. बाकीच्या पाचांवरही एक बदल करून ठेवतो, म्हणजे पुढे पेनड्राइव्ह लावला की ती त्याच्यावरूनच सुरू होतील. प्रियदर्शिनीला कळवा, की काका हातपाय हलवतोय.

आपला लोभ आहे तिथेच असावा, दोन स्टॉप पुढे गेला तरी चालेल.

आपला,
सुशांत

*

महाड,
१५ फेब्रुवारी २०२६

चि. सुशांतभाऊजींना स. जयभीम वि. वि.

एका यंत्राची तीन आठवड्यांची हकिकत कळवते. ट्रकचा गेम चालतो. फुटबॉल चालतो. मोटारींच्या शर्यतीत पूर्वी पडदा मध्येच अडकायचा, तो अडकत नाही. एक क्रिकेटचा गेम दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा चालला आणि मग जसं काही झालंच नाही.

ऋत्विकला तुम्ही ओळखता, एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की चार-पाच जणांना घेऊन येतो. त्याला मुद्दाम त्या यंत्रावर बसवलं. दोन दिवस त्याला फरकच कळला नाही. तिसऱ्या दिवशी बंदुकीचा गेम लावायला गेला आणि तुमचा पहारेकरी दारातच अडला. ऋत्विक म्हणाला, काकी, ह्यात काय दम नाय, जुनाच बरा हाय. मी म्हटलं, दम तुझ्यात तरी कुठे आहे, रोज हरतोस. सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. ही टोळी म्हणजे दुकानाचा निम्मा आधार आहे.

म्हणून असं ठरवलंय. तीन यंत्रांवर लिनक्स, तीन विंडोजवरच. ऋत्विकची मंडळी जुन्यावर खेळतील, बाकीचे नव्यावर. मुदत संपलेल्या औषधासारखं जुनं जितके दिवस चालेल तितके दिवस.

वीस मार्चला बदलू. त्या दिवशी गेम बंदच असतात. चवदार तळ्यावर येणाऱ्यांसाठी दुकान मोकळं ठेवायचं, पाणी द्यायचं, फोन चार्ज करू द्यायचे, बायकांना टेकायला सतरंजी घालायची, हा तुमच्या भावाचा नेम मी मोडलेला नाही.

रात्रीची झोप बरी लागते आता. वाचनालयातून जाड पुस्तकं आणते, पाच-दहा पानांत डोळे मिटतात. तुम्हा सगळ्यांचा लोभ असाच लागत राहो.

तुमची वहिनी,
निशा

*

पोलादपूर,
४ मार्च २०२६

ती. निशावहिनींस सविनय जयभीम वि. वि.

निम्मं-निम्मं ठरवलंत ते अगदी बरोबर. दादा असता तर त्याने सहाही एका झटक्यात बदलले असते आणि मग महिनाभर गिऱ्हाइकांशी वाद घातला असता.

वीसला पहाटेच्या गाडीने येतो. आल्या आल्या भिंतीकडच्या तिघांत पेनड्राइव्ह लावून काम सुरू करून देतो, आधीच्या एकावरही नव्याने घालतो. मग मला गावच्या मंडळींना तळ्यावर न्यायचंय आणि त्यांच्याबरोबरच परतायचंय. यंत्रं आपली आपण काम करतील. तुम्ही फक्त हात लावू नका. हे मी मास्तर म्हणून नाही, दीर म्हणून सांगतोय.

लोभ आहे, तो वाढता ठेवावा, मीठ घालून टिकवायची गरज पडू नये.

आपला,
सुशांत

*

महाड,
२२ मार्च २०२६

चि. सुशांतभाऊजींना स. जयभीम वि. वि.

आधी सांगते की मी बरी आहे. आता पुढचं बसून वाचा.

परवा तुम्ही काम सुरू करून गेलात आणि थोड्याच वेळात दुकान बायकांनी भरलं. परभणीकडच्या बनुबाई नावाच्या आजी होत्या, त्यांचा फोन बंद पडला होता आणि बरोबरची माणसं गर्दीत चुकली होती. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जणी चार्जर हातात धरून उभ्या. मी बघितलं तर तुमच्या तिन्ही यंत्रांचे पडदे काळे. मला वाटलं, झालं काम, निजली यंत्रं. बोर्डवरच्या त्यांच्या पिना काढल्या आणि फोन लावले. बनुबाईंची माणसं सापडली. मला फार बरं वाटलं. नंतर बायकांना पाठ टेकायला जागा हवी म्हणून पेनड्राइव्ह काढून ठेवले आणि सहाही यंत्रांचे डबे उचलून कोपऱ्यात रचले.

काल सकाळी ते पुन्हा मांडले. मग लक्षात आलं, की पडदे आपोआप काळे होतात, काम चालूच असतं. तुम्हाला फोन केला, लागला नाही. तुम्ही हात लावू नका म्हणाला होता आणि मी मुळापासून उपटलं होतं. वाईट वाटलं, म्हणून ठरवलं की आपणच निस्तरायचं. जानेवारीत तुम्ही करत होता ते मी शेजारी बसून पाहिलं होतं. पेनड्राइव्ह लावले. पडद्यावरचं इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचलं, अडलं तिथे प्रियदर्शिनीचा शाळेतला शब्दकोश उघडला. एके ठिकाणी विचारलं, सगळं पुसू का. मी हो म्हटलं, कारण पुसलेलंच होतं. भिंतीकडची तिन्ही यंत्रं व्यवस्थित तयार झाली. मी चहा घेतला.

मग रस्त्याकडची तीन चालू केली, तर ती मुकी.

भाऊजी, मांडताना डब्यांची अदलाबदल झाली होती. काळ्या डब्यांना नाव ना गाव. भिंतीकडे मी मांडली ती विंडोजची चांगली तीन, आणि अर्धवट मोडलेली तीन रस्त्याकडे. म्हणजे होतं ते विंडोजही मीच पुसलं. मग काय, उरलेल्या तिघांतही लिनक्स घातलं. सहाही झाली.

नव्या घराने पासवर्ड मागितला. तुमच्या भावाने ठरवलेला शब्दच सहाही ठिकाणी घातला. रोज सकाळी तो टाइप करते, तेवढंच त्यांच्याशी बोलणं होतं. ते तरी पुसलं जाऊ नये.

ऋत्विकची टोळी आज येईल. काय सांगू कळत नाही. रागावला असाल तर लवकर रागावून घ्या, आणि लोभात काटछाट करू नका.

तुमची वहिनी,
निशा

*

पोलादपूर,
२६ मार्च २०२६

ती. निशावहिनींस सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो, की हिला वाटलं लॉटरी लागली. मग तिनेही वाचलं. ती हसली नाही. म्हणाली, सुरू केलेलं काम टाकून तुम्ही गेलात आणि चूक वहिनींची कशी?

सहा यंत्रांवर तुम्ही स्वतः लिनक्स घातलंत, हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

आता कामाचं. तीन यंत्रांवर मी पुन्हा जुनं विंडोज घालून देऊ शकतो. मुदत संपलेलंच, पण बंदुकीचा गेम चालेल. तुम्ही फक्त ये म्हणा, मी रविवारी हजर. पौर्णिमा जवळ येते आहे आणि तुम्ही प्रियदर्शिनीला शब्द दिलाय. माझ्या लिनक्सच्या हौसेपायी तुमचं दुकान जाऊ नये. तुम्ही पनवेलला गेलात, तर महाडला उतरायचं कारणच मला उरणार नाही.

लोभ पूर्ववत, किंबहुना परवापासून थोडा जास्तच.

आपला,
सुशांत

*

महाड,
१६ एप्रिल २०२६

चि. सुशांतभाऊजींना स. जयभीम वि. वि.

तुम्हाला ये म्हणणार होते. दोनदा पत्र लिहायला घेतलं. ऋत्विकची टोळी एमआयडीसीकडच्या दुसऱ्या दुकानात जायला लागली. जाताना तो भांडला नाही, उलट ओशाळला, म्हणाला, काकी, आमचा गेमच तो, काय करणार. आठवडाभर दुकानात पंखे आणि मी. इतकी शांतता मला सोसत नाही, तुम्ही जाणता.

मग एक दिवस मानसी आली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते ती. दारातून आत वाकून बघितलं आणि विचारलं, ती पोरं गेली का. मी म्हटलं, गेली, मीच घालवली, चुकून. दुसऱ्या दिवशी ती लॅबमधल्या दोघींना आणि नर्सिंगच्या तिघींना घेऊन आली. त्यांना फुटबॉल खेळायचा होता म्हणे कधीपासून. पण बंदुकीच्या गेममध्ये ती टोळी ज्या शिव्या घालायची, त्या ऐकून पोरी रस्त्यावरूनच पुढे जायच्या. मी काउंटरवर बसून तेच रोज ऐकत होते, पण माझ्या कानाला ते गाड्यांच्या आवाजासारखं झालं होतं.

या पोरीही काही कमी नाहीत. मानसी हरली की समोरचीला म्हणते, सुई टोचायला ये उद्या, दाखवते तुला.

चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक दारावरून गेली तेव्हा ऋत्विक पाणी प्यायला थांबला. आत डोकावला, पोरींना पाहून मागे सरकला. काल एकटाच आला, ट्रकचा गेम मांडून बसला आणि घाटातून माल पोचवत राहिला. जाताना हळूच म्हणाला, इथे डोकं शांत राहतं.

विंडोजचं राहू द्या. अजून भरवसा देत नाही, पौर्णिमेला पंधरा दिवस आहेत. पण ये म्हणत नाही, एवढं समजा. तुमच्या हिला माझा खास लोभ, न्यायाने बोलल्याबद्दल.

तुमची वहिनी,
निशा

*

महाड,
४ मे २०२६

चि. सुशांतभाऊजींना स. जयभीम वि. वि.

प्रियदर्शिनी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आली. मला न्यायच्या तयारीनेच आली होती, दुकान घ्यायच्या दृष्टीने बघायलाही कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. दारात आली तर सहाही जागा भरलेल्या आणि बाहेर दोघी थांबलेल्या. मी तिला खूण केली, की थांब, नंबर येईल. ती खरंच थांबली. नंबर आला तेव्हा मानसीने तिला फुटबॉलमध्ये सलग तीनदा हरवलं आणि वर विचारलं, ताई, पनवेलला मैदान नसतं का.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली. यांचा फोटो मी पुसून ठेवला होता, तिने पुन्हा पुसला. शब्द मी दिला होता, म्हणून पनवेलचा विषय मीच काढायला हवा होता, पण माझ्याने होईना.

काल भांडी घासताना तिनेच काढला. तू येऊ नकोस असं तिला म्हणवेना, म्हणून म्हणाली, तिकडे तुला करमणार नाही आई. मी म्हटलं, इथे तरी कुठे करमतं. पण इथलं न करमणं मला जमायला लागलंय. ती बराच वेळ तेच एक पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, बरं, दिवाळीत मीच येते, चार दिवस राहते.

तुम्ही जानेवारीत घाटाचं सांगितलं होतं, त्यावर मी विचार केला. लिनक्स विंडोजच्या तोडीचं आहे का, हे मी अजून छातीठोक सांगणार नाही. बंदुकीच्या गेमात नाही. ज्याचा जीव त्याच गेमात आहे, त्याला मी स्वतः दुसऱ्या दुकानाची वाट दाखवते. पण इतरांचं अडत नाही, आणि माझंही अडलं नाही.

रविवारी या आणि तुमच्या हिलाही आणा. दुकान दहाला उघडतं. लोभ तुमच्यावर भरपूर आहे, पण जागा मिळेलच असं नाही, लवकर या.

तुमची वहिनी,
निशा