डावा इंडिकेटर

मनीषनगर, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय मेघा,

पाकीट पाहूनच तू घाबरली असशील, म्हणून आधी सांगते. मी ठणठणीत आहे, बीपी ठीक आहे आणि गाडी अजून विकलेली नाही. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोन तू स्पीकरवर टाकतेस. बोलते मी तुझ्याशी, उत्तर देतात आमचे जावई अश्विनराव, आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागते. मला जे सांगायचंय ते जरा लांब आहे, आणि ते आपल्या मोटरसायकलच्या डाव्या इंडिकेटरपासून सुरू होतं.

खाप्याला नर्स होते तेव्हा कन्हानकाठच्या गावांत लस घेऊन जायला मोपेड पुरत नव्हती, म्हणून ही मोटरसायकल घेतली होती. मी रिटायर झाले, ती झाली नाही. पण गेल्या दिवाळीनंतर तिनं एक नवीन खोड काढली. डावीकडे वळण्यासाठी बटण सरकवलं की दिवा लुकलुकायचा, आणि नेमकी वळायला लागले की बंद. वळून सरळ झाले की पुन्हा सुरू. मला याचा पत्ताच नव्हता. मीटरवरचा हिरवा दिवा खाप्यातच गेला होता, आणि मागचा दिवा चालवणाऱ्याला कसा दिसणार?

कळलं ते मुकुंदरावांमुळे. मुकुंदराव म्हणजे आपल्या मागच्या गल्लीत राहतात ते, विमा कंपनीतून रिटायर झालेले. तेव्हा मात्र मी त्यांना ओळखत नव्हते. मी चौकात डावीकडे वळत होते आणि ते मागून स्कूटरवर येत होते. माझा दिवा बंद झाला, त्यांना वाटलं बाई सरळ चालल्या, म्हणून ते माझ्या डावीकडून पुढे निघाले आणि आम्ही एकमेकांवर आदळलो. हळूच आदळलो, काळजी करू नकोस. त्यांचं कोपर खरचटलं, स्कूटरचं मडगार्ड चेपलं आणि पायाशी ठेवलेलं लिंबांचं पोतं फुटलं. ते कळमन्याच्या ठोक बाजारातून येत होते. एकटा माणूस, पण स्वस्त दिसलं की ठोकच घेतो, हे मला नंतर कळलं. चौकभर लिंबं पसरली. सिग्नलला थांबलेल्या लोकांनी अर्धी गोळा करून दिली आणि अर्धी घरी नेली. मी भांडायच्या तयारीत होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही लाइट दाखवला, मंग बंद केला. मले वाटलं, तुमचा विचार बदलला." मी म्हटलं, माझा विचार असा चौकात बदलत नाही. मग माझ्या गाडीच्या बाजूच्या पेटीतून कापूस आणि औषध काढून त्यांचं कोपर पुसलं. झोंबलं असेल, पण हूं की चूं केलं नाही. बाबा कसे ओरडायचे, आठवतं ना?

दोन्ही गाड्या धर्मेंद्रच्या गॅरेजला नेल्या. त्यानं माझी गाडी स्टँडवर लावली आणि बटण दाबलं, तर इंडिकेटर एखाद्या गुणी पोरासारखा लुकलुकला. "मावशी, काहीच नाही. तुमाले भास होऊन राहिला," असं तो म्हणाला. मी म्हटलं, मला भास झाला असेल, पण यांच्या कोपरालाही झाला का? तरी त्यानं बल्ब बदलला. दोन दिवसांनी वळताना पुन्हा दिवा गेला, तेव्हा त्यानं फ्लॅशर बदलला, म्हणजे दिवा लुकलुकवणारी ती छोटी डबी. नंतर बटण उघडून साफ केलं. प्रत्येक वेळी गाडी स्टँडवर असली की सगळं ठीक, आणि चौकात आली की पुन्हा तेच. दर वेळी मुकुंदराव तिथल्या बाकावर बसलेले असायचे. त्यांचं मडगार्ड पहिल्याच दिवशी सरळ झालं होतं. विचारलं तर म्हणाले, धर्मेंद्रला लिंबं द्यायला आलो.

मग त्यांनीच सुचवलं की मी पुढे चालवावं, त्यांनी मागून यावं आणि दिवा कधी जातो ते ओरडून सांगावं. मेघा, तू तिथे नव्हतीस ते बरं. मी हेल्मेट घालून पुढे, आणि मागून हा टोपीवाला माणूस "आहे, आहे, आहे, गेला" असं ओरडत. पानठेल्यावरचा एकजण हात जोडून उभा राहिला. मागे बघत त्यानं विचारलं, "कोन गेलं जी?" मुकुंदराव थांबले आणि त्याला इंडिकेटरची सगळी हकीकत सांगत बसले. मी पुढे पेट्रोलपंपापर्यंत एकटीच वळत राहिले.

पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली, की दिवा फक्त हँडल वळल्यावर जातो. धर्मेंद्रच्या स्टँडवर हँडल सरळच असायचं, मग त्याला काय दिसणार? पुढच्या रविवारी आपल्या फाटकाशी गाडी उभी केली. मी सीटवर बसून हँडल हळूहळू वळवत होते आणि ते मागे पाटावर चहाचा कप घेऊन बसले होते. हँडल डावीकडे पुरतं गेलं की दिवा बंद. टाकीच्या पुढे, जिथे सगळ्या वायरी हँडलकडे वळतात, तिथली काळी टेप सोलली. एक वायर वरून अगदी चांगली दिसत होती, पण बोटांनी दाबली तर आत पोकळ लागली. इतकी वर्षं वळून वळून आतली तार तुटली होती. हँडल सरळ असलं की टोकं टेकायची, वळलं की सुटायची. बोटांना नस शोधायची सवय आहे, त्यामुळे ती जागा मलाच सापडली. मी तार जोडली, वळायला पुरेल एवढी ढील ठेवली, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून वरून दवाखान्याची चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रनं हसत हसत सोल्डर मारून पक्कं केलं. "मावशी, बँडेज मस्त होतं," म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी मुकुंदराव पुन्हा आले. उजवा जरा लवकर लुकलुकतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. खरंच लुकलुकत होता. उजवीकडचा एक बल्ब गेला होता, त्यामुळे उरलेला घाई करत होता. तोही बदलला. त्याच्या पुढच्या रविवारी ते ब्रेकलाइट बघायला आले, त्यानंतर हॉर्न. हॉर्न इतका चांगला होता की समोरच्या फ्लॅटमधून तक्रार आली. मग गाडीत काहीच उरलं नाही. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "आता काय चेक करावं?" मी म्हटलं, आता आत या, पोहे केलेत. तुझे बाबा गेल्यापासून मी रविवारी पोहे करणं सोडलं होतं. एका माणसाचे पोहे करायला जीव होत नाही.

हे मुकुंदराव पत्रात फारच येतायत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणी तू ताप लपवायचीस तेव्हा मला कळायचं, मग तुला हे कळणारच.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मोटरसायकलवर खाप्याला प्रयागबाईंकडे गेलो होतो. तुझ्या आत्याला विचारल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. त्या बाबांची मोठी बहीण, अजूनही बाबांना 'लहानू'च म्हणणाऱ्या; त्यांना वाईट वाटलं असतं तर मी तिथूनच विषय सोडला असता. उंबऱ्यात उभी राहून मी सगळं सांगितलं. त्या सुपातले तांदूळ निवडत ऐकत होत्या. मग त्यांनी मुकुंदरावांना विचारलं, "तुमाले हे मोटरसायकल चालवता येते का?" ते म्हणाले, "नाही जी, मले स्कूटरच येते. हिच्यावर मी मांगं बसतो." प्रयागबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग जमते," त्या म्हणाल्या. "आमचा लहानूबी मांगंच बसे." आणि पदरानं डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या. त्यांच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन मीही थोडी रडले. मुकुंदराव बाहेर शेजाऱ्यांना लिंबं वाटत होते.

तेव्हा हे सगळं यासाठी लिहिलं, बाळा. आम्ही लग्नाच्या ऑफिसात नोटीस दिली आहे. महिन्याभरानं तारीख मिळेल. बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, ते मुकुंदरावांनीच मला आधी सांगितलं. साक्षीदार तीन लागतात. प्रयागबाई आहेत, धर्मेंद्र आहे. तिसरं कोण, असं क्लार्कनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझी मुलगी. तो म्हणाला, त्यांची संमती आहे ना? मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे. तुझं मन नसेल तर स्पष्ट सांग, मी रागावणार नाही, वाट बघेन. आणि असेल, तर आधार कार्ड घेऊन ये. झेरॉक्स चालत नाही म्हणाला.

तुझीच आई,
इंदू