काठ-पदर कुणाचा

पौष व. ६, शके १८४९
हेडमास्तरांनी खोलीत बोलावून दार लावून घेतले. फ्रेंचचे मास्तर पुण्याला गेले ते गेलेच. माझ्या संस्कृतला मुले उरली तीन. "शास्त्रीबुवा, पंधरा दिवसांत इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतात. फ्रेंचचे पहिले धडे तुम्ही घ्या, नाहीतर तीन मुलांसाठी वेगळा मास्तर आम्हाला ठेवता येणार नाही." वय बावन्न. आता कुणाचे दार ठोठावू?

व. ८
फ्रेंच शिकवील अशी गावात एकच. शहापूर पेठेतल्या विणकराची यमुना, कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. बारा वर्षांपूर्वी संस्कृतच्या वर्गात बसायला आली होती. विणकराची पोर म्हणून मीच तिला उंबऱ्यावरून परत पाठवले. म्हणून तिने फ्रेंच घेतले. आज तिच्या उंबऱ्यावर मी. म्हणाली, "या की शास्त्रीबुवा, भाईर का हुबं?" टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

व. ११
नपुंसकलिंगच नाही! पुस्तक पुल्लिंगी, मेज स्त्रीलिंगी. अनेकवचनाचा स लिहायचा, उच्चारायचा नाही. मी खणखणीत उच्चारला. तिचे आप्पा माग थांबवून हसले. फार राग आला. पाणी पुढे केले, प्यायलो नाही.

अमावास्या
अनध्याय, आज अध्ययन वर्ज्य. फ्रेंचला लागू आहे का, कुणाला विचारणार? गेलो.
वर्गात पोरे नाम बदलतात, विशेषण तसेच. पुस्तक हिरवे तेव्हा 'व्हेर', मेज हिरवे की 'व्हेर्त'. दहादा सांगितले, डोक्यात शिरत नाही. य. पुढे रडगाणे गात होतो. आप्पा मागावरूनच म्हणाले, "लुगड्याचा काठ बदलला की पदर बी बदलतोय. तांबड्या काठाला हिरवा पदर कोण लावंल? पोरास्नी असं सांगा की."
तीस वर्षे शिकवतो आहे. मला हे कधी...
पाणी प्यायलो.

माघ शु. ५
तपासणी. फळ्यावर लुगडे काढले. पोरे एकजात बरोबर. साहेब खूश. "शास्त्री, ही युक्ती कुणाची?" हे. मा. शेजारी उभे. तोंडातून गेले, "माझीच, साहेब."
हे. मा. नी पाठ थोपटली. नोकरी राहिली. घरी जेवण गेले नाही.

शु. ७
शहापूर. य. ने नेहमीसारखी चटई टाकली. मग म्हणाली, "काल साहेब आमच्या शाळेत आलते. म्हणाले, बाई, गावातल्या एका शास्त्र्यानं काठ-पदराची लई चांगली युक्ती काढलीया. तुमी बी तसंच शिकवा."
"मग तू काय म्हणालीस?"
"व्हय म्हटलं."
माग बंद. आप्पा तुटलेला धागा सांधत होते, वर पाहिले नाही. "धडा काढा, शास्त्रीबुवा," म्हणाली. काढला. आज पाणी कुणी विचारले नाही, मला मागवले नाही. लाज वाटते. इतकी कधी वाटली नव्हती.

शु. ९
"रा. रा. हेडमास्तरसाहेब यांस, सा. न. वि. वि." सकाळपासून एवढेच लिहून झाले आहे. साहेबांपुढे खोटे बोललो असे लिहिले, तर नोकरी राहीलसे वाटत नाही. नाही लिहिले, तर आप्पांसमोर बसणार कसा? घरात अजून सांगितलेले नाही.
चार वाजले. साडेचारला धडा. कागद तसाच घडी करून खिशात घातला आहे.