सातव्या क्रमांकाची गंमत

बोमोर, आयला बेट, स्कॉटलंड
१२ फेब्रुवारी १९८४

ती. डूगल काका यांस,
सा. न. वि. वि.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आमच्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीच्या साहेबांनी मे महिन्यापासून दोन खोल्या पर्यटकांसाठी उघडायचं ठरवलं आहे.
२. तिथे ‘बेटाच्या बारा गमती’ अशी पाटी लागणार आहे. इथल्या प्रयोगशाळेतली केमिस्ट मी, म्हणून मजकूर तपासायला माझ्याकडे आला.
३. सातवी गंमत अशी : ‘१९६१ साली आमचा एक कामगार आंबवणाच्या टाकीत पडला. आनंदात बुडून मेलेला बेटावरचा हा एकमेव माणूस. बाहेर काढला तेव्हा हसत होता.’
४. नाव दिलेलं नाही. तो कामगार म्हणजे माझे वडील. टाकी रिकामी होती.
५. आई ३० जानेवारीपासून इथल्या हॉस्पिटलात आहे. पोटातली गाठ पसरली आहे. डॉक्टरांचा अंदाज मार्चअखेरपर्यंतचा आहे.
६. पाटीवर काय लिहिणार ते तिला कुणीतरी सांगितलं. परवा तिने पाद्रीबाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की मला हेक्टरच्या शेजारी पुरू नका, किलहोमनला माझ्या माहेरच्या माणसांत पुरा.

बाबांनी लग्नाआधी चर्चमध्ये दारू सोडल्याची शपथ घेतली होती. चौकशीत ते प्यायलेले ठरले. आईचा राग ते मेले याचा नाही, त्यांनी फसवलं याचा आहे. बावीस वर्षांत तो उतरलेला नाही.

त्या दिवशी टाकीवर बाबांबरोबर फक्त तुम्ही होता. मी दोन वर्षांची होते. काय घडलं ते मला लिहावं. सातवीच्या जागी दुसरी एखादी गंमत सुचली तर तीही कळवा. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली पुतणी,
इश्बेल


पार्टिक, ग्लासगो
१७ फेब्रुवारी १९८४

चि. इश्बेल हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एफी वहिनीचं वाचून जेवण गेलं नाही. तिला सांग, नाताळचे मोजे मिळाले आणि ते घातल्यावाचून मी बसच्या ड्यूटीवर जात नाही. एवढी मोठी केमिस्ट झालीस आणि तुला पाट्या तपासायला बसवलं, तुझ्या साहेबाला काही कळतं का? आणि पत्र लिहितेस की पोलिसात फिर्याद देतेस? आकडे घालून काकाला लिहिणारी पुतणी साऱ्या स्कॉटलंडात तू एकटीच असशील.

गमती हव्यात तर घे. बोमोरचं चर्च गोल बांधलं, ते सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून. तुझे आजोबा म्हणायचे, त्याला कोपरा कशाला हवा, तो पहिल्या बाकावर बसतो आणि गातोही चांगला. दुसरी, गोदामाला दोन कुलुपं असत, एक मालकाचं, एक सरकारी अबकारी साहेबाचं, आणि दोघं एकमेकांसमोर असल्याशिवाय दार उघडत नसे. तिसरी, त्या दोघांच्या नाकासमोरून माणसं तांब्याची नळी भरून पँटच्या पायात लोंबकळत घरी न्यायची. तिला ‘कुत्रा’ म्हणत, कारण ती धन्याच्या पायाशी चालायची. तुझ्या शेजारचा अँगस चाळीस वर्षं लंगडला आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बरा झाला. चौथी, गोदामांच्या भिंती काळ्या का, तर पिंपांतून उडून जाणाऱ्या वाफेवर तिथे बुरशी पोसते. बेटावर सगळ्यात जास्त पिणारी तीच.

त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं नवं काही नाही. चौकशीत सांगितलं तेच. दिवा खाली सोडला, जळत राहिला, हेक्टर उतरला आणि पडला. माणसाचा पाय एखाद्या दिवशी घसरतो. त्याला आता निजू दे, बाळ. वहिनीला जप.

तुझा,
डूगल काका


बोमोर
२४ फेब्रुवारी १९८४

ती. डूगल काका यांस,
सा. न. वि. वि.

गमती मिळाल्या. गोल चर्च, कुलुपं आणि बुरशी साहेबांनी दुसऱ्या तीन गमती काढून घेतली. तांब्याची नळी नको म्हणाले, पर्यटकांना आपली माणसं चोर वाटतील. सातवी मात्र त्यांना हवीच आहे. लोकांना हसायला काहीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं.

आई दिवसातून तासभर नीट जागी असते. मोज्यांचा निरोप सांगितला. तिच्या उशाखाली अजून एक जोडी अर्धी विणलेली आहे. नर्सने काढून ठेवायला मागितली तर म्हणाली, डूगलचे पाय गार पडतात.

चौकशीचे कागद मी मागवून वाचले. टाकी सव्वादहाला रिकामी झाली, बाबा पावणेअकराला उतरले. आंबवण सोडल्यावरही कार्बन डायॉक्साइड तळाशी साचून राहतो हे तुम्हाला सांगायला नको. दोन-चार श्वासांत माणूस पडतो, दिवा खाली सोडायचा तो त्यासाठीच, विझला तर उतरायचं नाही. टाकी तीच आहे, लाकूडही तेच. २० आणि २३ तारखेला रिकामी झाल्यावर बरोबर अर्ध्या तासाने मी दोरीला मेणबत्तीचा कंदील बांधून आत सोडला. दोन्ही वेळा तो तळापासून चार फुटांच्या वरच विझला.

म्हणजे त्या दिवशी दिवा जळत राहणं शक्य नाही.

दुसरं, डॉक्टरांनी व्हिस्कीचा वास तोंडाला, कॉलरला आणि शर्टाला छातीपर्यंत असल्याचं लिहिलं आहे. रक्त तपासलं नाही. पेल्यातून पिणाऱ्याचा शर्ट छातीपर्यंत भिजत नाही.

मी तर्क लिहीत नाही. तुम्ही सांगावं, एवढंच. प्रकृतीला जपावं.

इश्बेल


ग्लासगो
२ मार्च १९८४

इश्बेल,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तसंच सुरू करतो.

तुझा बाप प्यायलेला नव्हता. शपथ घेतल्यापासून त्याने एक थेंब घेतला नाही. तेव्हा दिवसातून तीनदा घंटा व्हायची आणि आम्ही रांगेत उभं राहून व्हिस्कीचा हक्काचा पेला घ्यायचो. जो घेणार नाही त्याची बाकीची पोरं सालटी काढायची. आले पाद्रीबाबा, उठा, टोप्या काढा, असं चालायचं. म्हणून हेक्टर रांगेत यायचा, पेला घ्यायचा आणि भिंतीआड गेलं की माझ्या हातात द्यायचा. चार वर्षं त्याचा पेला मी प्यायलो. घाणीच्या कामाला जादा पेला मिळे आणि टाकी झाडणं हे घाणीचंच काम. त्या सकाळी साडेदहाला माझ्या पोटात चार पेले होते.

कंदिलाच्या दोरीचा गुंता झाला होता. सोडवायचा कंटाळा केला. हेक्टरने शिडीवरून विचारलं, दिवा पाहिलास ना? मी पाहिला म्हणालो. तो हेदरच्या झुडपाच्या काड्यांचा खराटा घेऊन उतरला. आत काहीतरी आपटलं ते मला खराटाच वाटला. मी वरून ओरडलो, की झाडायला उतरलास की नाचायला? उत्तर आलं नाही तेव्हा कुठे वाकून पाहिलं.

दोराचा फास टाकून वर काढायला वीस मिनिटं गेली. आपल्याकडे समुद्रातून काढलेल्या माणसाला करतात तेच मी केलं, त्याच्या तोंडात व्हिस्की ओतली. आत जाईना, सगळी गळ्यावरून खाली गेली. डॉक्टर आले, वाकले, वास घेतला आणि लिहून टाकलं. मी शेजारी उभा होतो. तो पीत नव्हता म्हटलं असतं तर त्याचे पेले कोण पीत होतं ते विचारलं असतं, आणि त्यानंतर दिव्याचं. मी गप्प बसलो. वसंतात बेट सोडलं.

वहिनीला सांगू नकोस. माझं म्हणून विचारपूस करणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे. तिला काय थोडे दिवस राहिले आहेत, कशाला ढवळायचं? हे वाचून जाळून टाक.

डूगल


बोमोर
७ मार्च १९८४

ती. डूगल काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र जाळलेलं नाही. अजून दाखवलंही नाही.

सातवी गंमत मी साहेबांच्या समोर खोडली आणि मजकूर खोटा असल्याचं लिहून सही केली. ते म्हणाले, हे सिद्ध करता येईल का. करता येईल, असं मी म्हणाले. रंगाऱ्याकडे अकराच गमती गेल्या.

काल आईला मेणबत्तीचा प्रयोग सांगितला, तुमचं नाव न घेता. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, मेणबत्ती विझते हे कळलं, पण तो खोटं बोलला की नाही हे तुझी मेणबत्ती कशी सांगणार? आणि तू शेवटी त्याचीच मुलगी. याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे.

तिला राहिलेले दिवस थोडे आहेत, म्हणून ढवळू नये असं तुम्ही लिहिता. थोडे आहेत म्हणूनच मी लिहिते आहे. पाद्रीबाबांना कुठली जमीन खणायची ते लवकरच सांगावं लागेल. माती पडल्यावर ते बदलणार नाही.

तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला काय वाटतं तेही अजून नीट ठरलेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

तुम्ही आईला, म्हणजे एफी गिलेस्पीला, पत्र लिहावं. इंग्रजीत नको, आपल्या गेलिक भाषेत, स्वतःच्या अक्षरात. दोन गोष्टी असाव्यात : पेला कोण प्यायलं आणि दिवा सोडला होता की नाही. बाकी जे लिहाल ते तुमच्या मनाने. ती सकाळी नऊ ते दहा जागी असते. तिला आता अक्षर दिसत नाही, मी शब्द न बदलता वाचून दाखवीन. स्वतः येणार असाल तर बोट मंगळवारी आहे, खोली तयार ठेवते.

पत्र आलं नाही तर गुरुवारी सकाळी माझ्याजवळचं २ मार्चचं पत्र तिला वाचून दाखवीन. ते तुम्ही मला लिहिलेलं आहे, तिला नाही, आणि हा फरक तिला कळेल. म्हणून आधी विचारते आहे.

आपलं उत्तर बुधवार, १४ मार्चपर्यंत इथे पोचावं, ही विनंती.

इश्बेल