आत्याचं मीठ

रोहा, १२ एप्रिल ९४, संध्याकाळ

झक मारली आणि हरिहरेश्वरला पायी जाताना वाटेत निडी गावात कैऱ्या पाडल्या. नुसत्या कशा खायच्या? आत्याच्या पिशवीत मिठाची पुरचुंडी होती. आम्ही पोरांनी सगळं मीठ संपवलं. मी आत वाळू भरून गाठ मारली. म्हटलं, जेवण करताना सोडेल तेव्हा गंमत.

पण ते जेवणाचं नव्हतंच. आत्ता देवळात पाय चोळत ती बायांना सांगत होती, "आमच्या मिठागराचं हाय गो. धरमतरपासनं चालत आणलंय. हरिहरेश्वरला समुद्रात सोडायचं. मीठ विरघळंल तसं पोराचं दुखणं जाईल."

पोर म्हणजे आत्याचा लेक, आमचा बाळू. दोन महिने अंथरुणात हाय.

गप्प बसवेना. सांगून टाकलं. वर आत्याला विचारलं,

"दुकानातनं आणू?"

"ते काय चालत आलंय, मेल्या?"

म्हणून उद्या पहिल्या एसटीने घरी धरमतरला जाणार. मूठभर मीठ घेणार आणि धरमतरपासून परत सगळं पायी. किती दिवस लागतील ते लागू देत. आत्या समुद्रावर थांबते म्हणाली. माझ्या टाचेला फोड आलाय. येऊ दे.

वाटेत कैरी दिसली तर अळणीच खाईन.