आलमारीतले पान ८७

मी, वामनराव नत्थूजी गावंडे, वय ६९, निवृत्त शास्त्रशिक्षक, राहणार सदर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते आहे ना, असे चिरंजीव रविंद्रने डॉक्टरांना हळूच दोनदा विचारले. कानही ठिकाणावर आहेत.

१. राहते घर पत्नी रुख्मिणीचे, तिच्यामागे रविंद्रचे.

२. पुस्तकांची आलमारी रविंद्रला मिळणार नाही. मागल्या महिन्यात खापरखेड्याहून आला तेव्हा तो तिची मापे घेत होता. पुस्तके रद्दीत जातील, हे न कळायला मी दुधखुळा नाही.

३. देवाने माणूस घडवला की तो उत्क्रांत झाला, या वादावरची दोन्ही बाजूंची एकेचाळीस पुस्तके तिच्यात आहेत. प्रत्येकात मी लाल शाईने लिहिले आहे: छापले कोणी, पैसा कोणाचा, लेखकाने हाडे स्वतः पाहिली की ऐकीव. फुकट आलेल्या गुळगुळीत पुस्तिका खालच्या खणात. फुकट कोणी विषही देत नाही.

४. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी चंपतराव गिरडकर माझे मित्र, पण देवाच्या बाजूचे. १९६४ साली त्यांनी एक पुस्तिका आणली. माझ्या जुन्या पुस्तकात पान ८७ वर आदिमानवाची कवटी होती, ती बनावट आहे, असे तीत छापले होते. "छापलं कोणी?" म्हणून मी हसण्यावारी नेले. मग कॉलेजच्या ग्रंथालयात शोधले. खरेच बनावट! माणसाच्या कवटीला वानराचा जबडा. ही लबाडी शास्त्रज्ञांनीच पकडली, हे पुस्तिकेने लपवले होते. पण मी ती कवटी बावीस वर्षे मुलांना शिकवली होती.

पुढच्या रविवारी ते पान पुस्तकात नव्हते. मी चंपतरावांवर आळ घेतला.

"मी काहून फाडू गा, वामनराव? मले तर तेच पान पाहिजे होतं!"

तरी पंधरा वर्षे त्यांना पुस्तकाला हात लावू दिला नाही. पुस्तक मी धरायचे, त्यांनी लांबून वाचायचे. तरीही ते दर रविवारी येतच राहिले.

पान मीच फाडले. लाज वाटली म्हणून. उत्क्रांती खरी, हे मी आजही मानतो. पण एवढ्या लेखकांवर संशय घेतला आणि खोटे बोललो मी.

५. ते पान आज परत चिकटवले आहे. वर लाल शाईने लिहिले: "कवटी बनावट. पान वामनने फाडले." आलमारी, तिची किल्ली आणि माझे वाचायचे भिंग चंपतरावांचे. माझे त्यांना कधी पटणार नाही, पण ते पान फाडणार नाहीत. रविंद्रने मध्ये पडू नये.

नागपूर, रविवार, ११ नोव्हेंबर १९७९
सही: वा. न. गावंडे

साक्षीदार:
१. कृष्णकांत बोरकुटे
२. ~~चंपतराव गिरडकर~~ बळीराम ढोबळे

खाडाखोड बरोबर. ज्याला मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. चंपतरावांना हे ठाऊक नाही; ते चारला सही करायला येतील. हा कागद मी त्यांच्या हातात देईन.